मुलांची शुगर, आणि सोबत थोडं थायरॉइड-उंचीचं: कोल्हापूरकडचे पालक सारखे विचारतात ते प्रश्न

आमच्या घरात टाइप 1 डायबेटिसचं लेकरू आहे. कोल्हापूर, इचलकरंजी, गडहिंग्लज, राधानगरी, तिकडं निपाणीपर्यंतच्या अशाच आईवडिलांचा व्हॉट्सअॅप ग्रुप आम्ही काहीजणी मिळून सांभाळतो. रोज तेच तेच प्रश्न येतात, रात्री अकराला पण येतात, म्हणून ते सगळे एका जागी लिहून ठेवले. मी डॉक्टर नाही, त्यामुळं कुणाच्या मुलाला किती युनिट द्यायचं ते इथं मिळणार नाही, ते तुमचे डॉक्टरच ठरवणार. पण घरी, शाळेत, एसटीत, पुरात हे सगळं कसं निभवायचं ते सांगता येतं. आणि एक गोष्ट आत्ताच सांगते, बाकी काही वाचलं नाही तरी चालेल: इन्सुलिन बंद करायचं नाही, कुणीही कितीही खात्री दिली तरी नाही.

1. ताई, एवढ्या बारक्या पोराला शुगर कशी काय झाली? आमच्या घरात तर कुणालाच नाही.

होते. तान्ह्या बाळापासून कॉलेजच्या पोरापर्यंत कधीही होऊ शकते, आणि टाइप 1 झालेल्या बहुतेक मुलांच्या घरात आधी कुणालाच नसते. आपल्या शरीराची जी रोगाशी लढणारी यंत्रणा आहे तीच चुकून स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उलटते, त्या पेशी संपत जातात आणि इन्सुलिन तयार व्हायचंच थांबतं. चॉकलेट जास्त खाल्लं म्हणून, गरोदरपणात आईनं आंबे खाल्ले म्हणून, दृष्ट लागली म्हणून असं काही नसतं. आयांनो, सासरच्यांनी किंवा शेजारणींनी काही ऐकवलं असेल तर मनातून काढून टाका, तुमचं काही चुकलेलं नाही. भारतात अशी मुलं खूप आहेत, जगात सगळ्यात जास्त संख्या असलेल्या देशांत आपला नंबर लागतो, फक्त लोक बोलत नाहीत म्हणून वाटतं आपलंच एकट्याचं आहे.

2. आजोबांची शुगर गोळ्यांवर कंट्रोलमध्ये आहे, मग पोराला डायरेक्ट सुया का? गोळी चालणार नाही का?

आजोबांची बहुतेक टाइप 2, म्हणजे त्यांच्या अंगात इन्सुलिन तयार होतं पण नीट काम करत नाही किंवा कमी पडतं. गोळ्या तिथं मदत करतात. आपल्या मुलाच्या अंगात इन्सुलिन तयारच होत नाही, तिथं गोळी कुणाला मदत करणार? आणि इन्सुलिन गोळीच्या रूपात पोटात गेलं तर पचून जातं, म्हणून सुई. 1922 च्या जानेवारीत टोरंटोमध्ये एका 14 वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं, त्याच्या आधी या आजाराची मुलं थोड्याच काळात जायची. सुई बघून रडायला येतं हे मला कळतं, पण त्या सुईमुळंच आपलं लेकरू समोर खेळतंय. (गोळी चालते असा एक दुर्मिळ अपवाद आहे, तो प्रश्न 20 मध्ये.)

3. शुगर आहे हे ओळखायचं कसं? मोठ्या मुलाला आहे म्हणून धाकटीची पण भीती वाटते.

सारखी लघवी, सारखी तहान, खाऊन पण वजन उतरणं आणि मरगळ ही चार मुख्य लक्षणं. बारीक लक्ष द्यायच्या गोष्टी अशा: अंथरूण ओलं करायचं बंद झालेलं मूल परत करायला लागतं, शाळेची पाण्याची बाटली मधल्या सुट्टीच्या आधीच रिकामी होते, चड्डी ढिली होते, आणि खेड्यातल्या आया तर हमखास सांगतात की मोरीत लघवी केलेल्या जागी मुंग्या लागायला लागल्या. मुलीला वारंवार खाजेचं इन्फेक्शन होत असेल तरी बघावं.

असं काही दिसलं तर वाट बघायची नाही, उद्या-परवा नाही, त्याच दिवशी बोटाला टोचून शुगर बघायची. कुठल्याही दवाखान्यात, लॅबमध्ये दोन मिनिटांचं काम आहे. लक्षणं आहेत आणि कधीही बघितलेली शुगर 200 च्या वर आली तर थेट मुलांच्या डॉक्टरांकडे, सकाळी उपाशीपोटी परत करू म्हणून थांबू नका, एका रात्रीत पण मूल बिघडू शकतं. भावंडाला होण्याची शक्यता इतर मुलांपेक्षा जास्त असते पण तरी शंभरात साधारण पाच-सहा. म्हणून धाकटीला रोज टोचत बसू नका, लक्षणांवर नजर ठेवा, बस.

4. पोरगीच्या पोटात दुखतंय, उलट्या होतायत, जोरात श्वास घेतीय. गावातले डॉक्टर म्हणाले अॅसिडिटी असेल. काय करू?

हे वाचत असाल तर आधी गाडी काढा किंवा 108 ला फोन करा. शुगर असलेल्या किंवा शुगरची लक्षणं असलेल्या मुलाला उलट्या, पोटदुखी, खोल आणि जोरजोरात श्वास, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास, गुंगी यातलं काही असेल तर ते कीटोअॅसिडोसिस असू शकतं, सगळे त्याला डीकेए म्हणतात. इन्सुलिन नसलं की शरीर चरबी जाळायला लागतं आणि त्यातून रक्तात कीटोन नावाचं आम्ल साठतं. यात मूल दगावू शकतं. हे अपेंडिक्स, गॅस्ट्रो, न्यूमोनिया असं काहीही वाटू शकतं आणि तसं समजून उपचार झाल्याची उदाहरणं आमच्या ग्रुपवर भरपूर आहेत.

एक वाक्य पाठ करून ठेवा, नातेवाइकांना पण शिकवा: "सलाईन लावायच्या आधी एकदा बोटाची शुगर बघा." कारण अशक्तपणा वाटतो म्हणून ग्लुकोजची सलाईन लावली आणि शुगर आधीच 500 असली तर काय होईल ते सांगायला नको. डीकेएचा उपचार आयसीयू असलेल्या ठिकाणीच व्हायला पाहिजे. कोल्हापूरचा सीपीआर सरकारी दवाखाना असो, मिरज असो, जे जवळ आहे तिथं, पण लवकर.

5. एक जण जडीबुटीनं शुगर मुळापासून बरी करतो म्हणतात, इन्सुलिन बंद करायला सांगतो. निदान करून बघायला काय हरकत आहे?

हरकत आहे, आणि मी यावर नरमाईनं बोलणार नाही. टाइप 1 मध्ये इन्सुलिन पूर्ण बंद केलं की काही मुलं एक-दोन दिवसांत डीकेएमध्ये जातात. काढा, चूर्ण, पट्टा, मंतरलेलं पाणी, स्टेम सेलची लाखभराची जाहिरात, यातलं काहीही मेलेल्या पेशी परत आणत नाही. तुम्हाला श्रद्धेनं कुठं जायचं असेल तर जा, जोतिबाला जा, अंबाबाईला ओटी भरा, त्यात कुणी अडवत नाही, पण इन्सुलिनची बॅग सोबत घेऊन जा. जो माणूस "आधी इन्सुलिन बंद करा" म्हणतो त्याच्या दारातूनच परत फिरा. घरातले वडीलधारे ऐकत नसतील तर त्यांना डॉक्टरांसमोर बसवा, सुनेनं सांगितलेलं पटत नाही ते कधीकधी डॉक्टरांनी सांगितलेलं पटतं.

6. दीड महिन्यात डोस एकदम कमी झाला, दोन-दोन युनिटवर शुगर नॉर्मल येतीय. बरा झाला ना माझा मुलगा?

नाही ओ, आणि हे सांगताना मला पण वाईट वाटतं. याला हनिमून म्हणतात. सुरुवातीला उपचार सुरू झाले की उरलेल्या थोड्या पेशी परत काही दिवस काम करतात, त्यामुळं गरज कमी होते. काही आठवडे, काही महिने, कुणाला वर्षभर पण. नेमकं याच काळात जडीबुटीवाल्याला श्रेय मिळतं, म्हणून प्रश्न 5 आणि हा एकत्र वाचा. डोस कमी करायचा तर डॉक्टरांना विचारून करायचा, पण पूर्ण बंद करायचा नाही.

7. मेडिकलवाल्यानं केशरी टोपीची सिरिंज दिली, आधी लाल होती. सुई सुईच ना, काय फरक पडतो?

खूप मोठा फरक पडतो, कृपया हे दोनदा वाचा. आपल्याकडं इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदीच्या मिळतात, एका एमएलमध्ये 40 युनिट आणि एका एमएलमध्ये 100 युनिट. लाल टोपीची सिरिंज 40 च्या बाटलीसाठी, केशरी टोपीची 100 साठी. 100 ची बाटली आणि लाल टोपीची सिरिंज घेऊन 10 च्या रेघेपर्यंत ओढलं तर अंगात 25 युनिट जातात, म्हणजे अडीचपट, शुगर धाडकन पडते. उलट 40 च्या बाटलीतून केशरीनं 10 ओढलं तर फक्त 4 जातात, मग दिवसभर शुगर 400 आणि आई डोकं धरून बसलेली की खाण्यात काय चुकलं. बाटलीवर 40 का 100 ते वाचायचं, मग टोपीचा रंग बघायचा, मगच ओढायचं. पेनच्या काट्रिजमध्ये 100 चं असतं, त्यातून सिरिंजनं ओढत बसू नका. वेळ पडली आणि दुसरं काहीच हाताशी नसलं तर आधी डॉक्टरांना फोन करा.

जाता जाता: पांढरट, ढगाळ इन्सुलिन असेल तर बाटली दोन तळहातांत हळू लोळवायची, खुळखुळ्यासारखी हलवायची नाही. दोन इन्सुलिन एकाच सिरिंजमध्ये घ्यायला सांगितलं असेल तर पाण्यासारखं स्वच्छ आधी, ढगाळ नंतर. ग्लार्जिन (दिवसभर पुरणारं इन्सुलिन) कशातच मिसळायचं नाही.

8. रोज एकाच जागी टोचते, तिथं दुखत नाही म्हणते. पण आता गाठ आलीय, आणि शुगर पण वरखाली.

ती गाठच कारण आहे. सारखं एकाच जागी टोचलं की तिथली चरबी फुगते, मग इन्सुलिन कधी शोषलं जातं कधी नाही. तिथं दुखत नाही म्हणून मुलं तीच जागा दाखवतात, आपण पण दया येऊन तिथंच देतो. पोट, मांड्या, दंड, कुल्ला अशा जागा फिरवत ठेवा आणि गाठीची जागा काही महिने सोडून द्या. गाठ सोडून नव्या जागी दिलं की तोच डोस जास्त लागू पडू शकतो, म्हणून ते पहिले काही दिवस शुगर जास्त वेळा बघा. सुई परत वापरू नये हे खरं, पण खर्चामुळं बरेच जण वापरतात हे पण खरं. मग निदान एकाच मुलाची, बोथट वाटायच्या आधी बदललेली, आणि कुणाशीही वाटून न घेतलेली एवढं तरी पाळा.

9. आमच्याकडं फ्रीज नाही. आणि फ्रीज असून लाईट गेली, पूर आला तर?

न उघडलेल्या बाटल्या 2 ते 8 डिग्रीत ठेवायच्या असतात, म्हणजे फ्रीजच्या खालच्या भागात. बर्फाच्या कप्प्याला चिकटून नाही. एकदा गोठलेलं इन्सुलिन परत वितळलं तरी फेकून द्यायचं, दिसायला चांगलं असलं तरी. चालू असलेली बाटली घरात सावलीत, साधारण 25-30 डिग्रीच्या आत, चार आठवडे चालते. बाटलीवर उघडल्याची तारीख पेननं लिहा.

फ्रीज नसेल तर मडक्याची पद्धत वापरा, ती खरंच चालते. मोठं मातीचं मडकं, त्यात ओली वाळू, वाळूत बारकं मडकं, आत झाकणाची प्लास्टिकची डबी, डबीत बाटली, वरून ओलं फडकं. मडकं वाऱ्याच्या जागी सावलीत ठेवा आणि वाळू दोन वेळा भिजवा. एप्रिल-मे मध्ये याचा चांगला उपयोग होतो. पावसाळ्यात हवा दमट असल्यानं मडकं तेवढं गार होत नाही, पण तेव्हा मुळातच उकाडा कमी असतो.

आता पुराचं. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 ज्यांनी चिखली, आंबेवाडी, शिरोळकडं काढलाय त्यांना सांगायला नको, हायवे बंद, लाईट बंद, मेडिकल बंद. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. आमचा नियम असा की 39 ची बातमी आली की पिशवी भरायची, 43 ची वाट बघायची नाही. पिशवीत महिनाभराचं इन्सुलिन, सिरिंज, शुगर बघायचं मशीन, त्याच्या स्ट्रिपा, मशीनचा जास्तीचा सेल, साखर, बिस्किटं, डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो प्लास्टिकमध्ये. थर्मासमध्ये गार पाणी फिरवून ओतून द्या आणि कापडात गुंडाळलेली बाटली आत ठेवा, बर्फावर डायरेक्ट ठेवू नका. आणि छावणीत पोचलं की आधी तिथल्या आरोग्य पथकाला सांगा की आमच्या मुलाला टाइप 1 आहे, लाजू नका.

10. शुगर कमी झाली की नक्की काय द्यायचं? शेजारीण म्हणते चपाती-भाजी खायला घाल.

70 च्या खाली म्हणजे कमी. हातपाय थरथरतात, घाम, भूक, चिडचिड, काहीतरी भलतंच बोलणं. चपातीनं शुगर चढायला वेळ लागतो, आपल्याला लगेच चढायला पाहिजे. मोठ्या मुलाला तीन चमचे साखर पाण्यात, बारक्याला एक-दोन चमचे. 15 मिनिटांनी परत बघा, अजून 70 च्या खाली असेल तर परत तेवढंच. वर आली आणि जेवायला वेळ असेल तर मग बिस्किट किंवा अर्धी भाकरी. चॉकलेट, बर्फी नको, त्यातल्या तुपा-तेलामुळं साखर उशिरा चढते. मशीन हाताशी नसेल आणि लक्षणं दिसतायत तर आधी साखर द्या, मग मशीन शोधा.

11. आणि बेशुद्धच पडला तर? तोंडात पाणी-साखर ओतायची का?

नाही, तोंडात काहीही ओतायचं नाही, श्वासनलिकेत जाईल. कुशीवर झोपवा, 108. ग्लुकॅगॉनचं इंजेक्शन घरी असेल तर द्या (25 किलोच्या आतल्या मुलाला अर्धा मिलिग्रॅम, वरच्याला एक), पण आपल्याकडं ते सहज मिळत नाही आणि महाग आहे. नसेल तर गालाच्या आतल्या बाजूला थोडा मध किंवा घट्ट साखरेचा पाक बोटानं चोळा, मूल कुशीवर असताना, आणि दवाखाना गाठा. तिथं शिरेतून ग्लुकोज देतात. झटका आलेला असेल तर दातात चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवत बसू नका, त्यात वेळ जातो.

12. खायचं काय? गूळ तर साखरेपेक्षा चांगला ना? आपल्या कोल्हापूरचा बिनकेमिकलचा गूळ चालेल का?

हा आमच्या ग्रुपवरचा सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न. गूळ, काकवी, मध, खडीसाखर, उसाचा रस सगळ्यांनी शुगर चढते, केमिकल असो नसो. गुऱ्हाळावर गेलात आणि पोराला हातावर चिक्की गूळ द्यायचा असेल तर तेवढा हिशोब धरून द्या, गुपचूप नाही.

बाकी घरचं जेवणच जेवायचं, वेगळा स्वयंपाक करू नका. शुगर मुख्यतः पिठूळ आणि गोड पदार्थांनी चढते, म्हणजे भात, भाकरी, चपाती, बटाटा, साबुदाणा, भडंग, मिसळीतला पाव. एक कप दुधात साधारण 12 ग्रॅम कार्ब (म्हणजे शुगर चढवणारा पिठूळ-गोड भाग) असतं, म्हणून दूधकट्ट्यावरचा मोठा ग्लास पण मोजायचा. तांबडा-पांढरा रस्सा स्वतः फारसा चढवत नाही, त्यासोबतचा भात चढवतो, आणि रश्श्यातल्या तेलामुळं तो उशिरा चढवतो. रविवारी मटण झालं की रात्री झोपताना शुगर वर दिसते त्याचं कारण हे. कार्ब मोजायला शिकलं की मूल लग्नात, वाढदिवसाला सगळ्यांसारखं बसून जेवू शकतं. डाएटिशियनकडं जाताना घरातली वाटी आणि तुमच्या भाकरीचं माप घेऊन जा, कारण आपली भाकरी पुस्तकातल्या भाकरीएवढी नसते.

उपाशी ठेवून शुगर कमी करायची नाही, वाढत्या वयाचं मूल आहे. नवरात्राचा, श्रावणी सोमवारचा उपवास मुलांना नकोच. आजीसोबत हट्टानं धरलाच तर साबुदाण्याची खिचडी म्हणजे भरपूर कार्ब हे लक्षात ठेवून इन्सुलिन द्या.

13. ताप आहे, काहीच खात नाही. इन्सुलिन दिलं तर शुगर पडेल ना? आज राहू दे का?

राहू द्यायचं नाही. आजारपणात शरीराला उलट जास्त इन्सुलिन लागू शकतं, खाल्लं नाही तरी. जेवणाच्या वेळचा डोस कमी-जास्त करायचा तो डॉक्टरांना फोनवर विचारून, पण दिवसभर पुरणारं इन्सुलिन चुकवायचं नाही. दर दोन-तीन तासांनी शुगर बघा, लघवीच्या कीटोनच्या पट्ट्या घरात असू द्या, भरपूर पाणी, ताक, मिठाचं पाणी. शुगर कमी येत असेल तर पेज किंवा लिंबू सरबत थोडं थोडं. उलटी थांबत नाही, कीटोन जास्त आले, श्वास जोरात चाललाय, तर प्रश्न 4.

14. मुलगा गल्लीच्या टीममध्ये फुटबॉल खेळतो, तालमीत पण जायचं म्हणतो. बंद करू का?

अजिबात नको. वसीम अक्रमला 1997 मध्ये टाइप 1 निघाली, त्याच्यानंतर पण तो कितीतरी वर्षं वर्ल्ड क्लास बॉलिंग करत होता. खेळायला पाहिजेच, फक्त तयारीनं. मॅचच्या आधी शुगर बघा, 100 च्या खाली असेल तर काहीतरी खाऊन उतरू द्या. 250 च्या वर आणि कीटोन असतील तर त्या दिवशी नको. ग्राउंडवर साखरेची पुडी शॉर्ट्सच्या खिशात, बॅगेत नाही, कारण बॅग लांब असते. ज्या मांडीवर टोचलंय तिच्यावर लगेच जोर-बैठका काढल्या तर इन्सुलिन लवकर लागू पडतं, त्या दिवशी पोटावर द्या. आणि जास्त खेळ झालेल्या दिवशी रात्री दोन-तीनला शुगर पडू शकते, झोपताना बघायला विसरू नका. उस्तादांना आणि कोचना आधीच सांगून ठेवा, लपवलं तर अडचण मुलाचीच होते.

15. शाळा म्हणते जबाबदारी घेणार नाही. परीक्षेत बिस्किट नेता येतं का?

वर्गशिक्षकांना भेटा आणि एक पानभर मराठीत लिहून द्या: शुगर कमी झाल्याची लक्षणं, काय द्यायचं, कुणाला फोन करायचा. तोंडी सांगितलेलं विसरतं. वर्गात खायला, लघवीला जायला, शुगर बघायला परवानगी पाहिजे हे स्पष्ट लिहा. सीबीएसईनं 2017 पासून टाइप 1 च्या मुलांना बोर्डाच्या परीक्षेत खाऊ, साखरेच्या गोळ्या, पाणी न्यायला परवानगी दिलीय, आणि 2023 मध्ये राष्ट्रीय बाल हक्क आयोगानं राज्यांना शाळांमध्ये अशी सोय करायला कळवलंय. दहावी-बारावी स्टेट बोर्डाची असेल तर डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडून मुख्याध्यापकांमार्फत आधीच अर्ज करा, परीक्षेच्या दिवशी गेटवर वाद घालायची वेळ येऊ देऊ नका.

16. खर्च झेपत नाही. सरकारी काय मिळतं? अपंगाचं सर्टिफिकेट निघेल का?

सर्टिफिकेट निघत नाही, 2016 च्या दिव्यांग कायद्यातल्या 21 प्रकारांत टाइप 1 नाही. एजंटला पैसे देऊ नका. महात्मा फुले जनआरोग्य योजना मुख्यतः अॅडमिट झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे, दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड-आधार दाखवून विचारा. रोजच्या स्ट्रिपा त्यात बसत नाहीत, आणि घराघराला तोच खर्च मोडतो. साधं रेग्युलर, एनपीएच इन्सुलिन राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, 2022 पासून ग्लार्जिन पण आहे, त्यामुळं सरकारी दवाखान्यात मागायचा तुम्हाला हक्क आहे. जायच्या आधी साठा आहे का फोनवर विचारा आणि शेवटच्या बाटलीपर्यंत थांबू नका. जनऔषधी केंद्रात पण चौकशी करा.

हाताला लावायचा सेन्सर (14 दिवस चालणारा) परवडत असेल तर चांगलाच. परवडत नसेल तर अपराधी वाटून घेऊ नका, दिवसातून तीन-चार वेळा नीट टोचून, वहीत लिहून पण उत्तम कंट्रोल राहतो. ती वही प्रत्येक व्हिजिटला न्या. एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ताची टेस्ट) दर तीन महिन्यांनी, 7 च्या आसपास किंवा खाली आणायचा प्रयत्न, पण सारखी शुगर पाडून मिळवलेला 7 काही कामाचा नाही.

17. मुलांच्या हार्मोनचे डॉक्टर पुण्याशिवाय नाहीत म्हणतात. दर वेळी जायलाच पाहिजे का?

मुलांचे एंडोक्रायनॉलॉजिस्ट देशातच कमी आहेत आणि बहुतेक मोठ्या शहरांत. जमेल तर सुरुवातीला आणि नंतर वर्षातून एक-दोनदा तज्ज्ञाला दाखवा, मधल्या काळात इथलेच मुलांचे डॉक्टर त्यांच्याशी बोलून सांभाळू शकतात. सगळ्यात चांगलं मॉडेल हेच आहे असं मला वाटतं, कारण रात्री दोनला पुण्याचे डॉक्टर नाही, गावातलेच उठून येणार. ई-संजीवनीवरून सरकारी ऑनलाइन सल्ला पण मिळतो. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येणाऱ्या बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला मुलाबद्दल जरूर सांगा, ते पुढं पाठवतात.

18. उंचीच वाढत नाहीये. पावडरी देऊन झाल्या. आणि शुगरवाल्या मुलांना थायरॉइडची टेस्ट कशाला?

पावडरीनं उंची वाढत नाही, ते पैसे स्ट्रिपांना वापरा. आधी मोजा: भिंतीला टाचा टेकवून, डोक्यावर पुस्तक काटकोनात धरून, दर सहा महिन्यांनी एकच रेघ. चार ते दहा वयात वर्षाला साधारण 5-6 सेंमी वाढ पाहिजे, 4 च्या खाली असेल तर डॉक्टरांना दाखवा. आईवडिलांच्या उंचीवरून अंदाज काढतात: दोघांची बेरीज, मुलगा असेल तर 13 मिळवायचे, मुलगी असेल तर 13 वजा, भागिले दोन. मुलीला पाळी सुरू झाली की त्यानंतर साधारण 5-7 सेंमीच वाढते, म्हणून "अजून वेळ आहे" म्हणत बसू नका.

टाइप 1 च्या मुलांत उंची अडायची तीन कारणं पहिल्यांदा बघतात. शुगर बराच काळ जास्त राहणं, थायरॉइड कमी असणं, आणि सीलिअॅक, म्हणजे गहू न सोसणं. थायरॉइड आणि सीलिअॅक दोन्ही टाइप 1 सोबत येऊ शकतात कारण मूळ तेच, शरीर स्वतःवर उलटणं, म्हणून टेस्ट सांगतात, टाळू नका. सीलिअॅक निघाला तर आपली ज्वारी, नाचणी, तांदूळ कामाला येतात. मुलगी असेल आणि बाकी सगळं नॉर्मल असूनही बुटकी राहत असेल तर टर्नर सिंड्रोमची (मुलींमधला जन्मजात गुणसूत्राचा दोष) टेस्ट विचारा. ग्रोथ हार्मोनची इंजेक्शनं खरंच कमतरता किंवा टर्नरसारखं पक्कं कारण असेल तरच, आणि ती रोजची, वर्षानुवर्षांची, महाग असतात, म्हणून निदान पक्कं झाल्याशिवाय सुरू करू नका.

19. दोन छोटे प्रश्न: बाळ जन्मल्यावर थायरॉइड बघायलाच पाहिजे का? आणि सात वर्षांच्या मुलीची छाती वाढायला लागलीय, हे नॉर्मल आहे का?

पहिलं, हो, बघायलाच पाहिजे. भारतात साधारण हजार-अकराशे बाळांत एकाला जन्मतः थायरॉइड कमी असतं, आणि बाळ सुरुवातीला अगदी गुटगुटीत, शांत, "किती गुणी आहे, रडत पण नाही" असं दिसतं. दोन आठवड्यांच्या आत गोळी सुरू झाली तर मेंदूची वाढ वाचते, उशीर झाला की मतिमंदत्व येतं ते परत भरून निघत नाही. सगळीकडं आपोआप टेस्ट होत नाही, म्हणून डिस्चार्जच्या आधी तिसऱ्या-चौथ्या दिवशी टीएसएच (थायरॉइडची रक्ताची टेस्ट) करा म्हणून तुम्हीच सांगा. गोळी कुस्करून चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात द्यायची, लोह-कॅल्शियमच्या औषधासोबत नाही.

दुसरं, मुलीत 8 च्या आधी आणि मुलात 9 च्या आधी वयात यायची चिन्हं दिसली तर दाखवायचं. दर वेळी आजारच असतो असं नाही, पण पाळी लवकर येणं आणि उंची लवकर थांबणं टाळता येतं. मुलग्यांमध्ये काही आजार कारण म्हणून सापडण्याची शक्यता जास्त, तिथं अजिबात वेळ घालवू नका.

20. आमचं बाळ चार महिन्यांचं आहे, शुगर 600 आली, टाइप 1 म्हणाले. पण दुसरे डॉक्टर म्हणतात गोळीवर येऊ शकतं. कुणाचं ऐकू?

दुसऱ्या डॉक्टरांचं म्हणणं नीट ऐका. सहा महिन्यांच्या आत सुरू झालेली शुगर सहसा टाइप 1 नसते, एखाद्या जीनमधल्या बदलामुळं असते, आणि त्यातल्या काही प्रकारांत (केसीएनजे11 नावाचा जीन त्यातलाच) बाळ इन्सुलिनवरून ग्लिबेनक्लामाइड नावाच्या गोळीवर खरंच येतं आणि छान राहतं. त्यासाठी रक्ताची जीन टेस्ट लागते. चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनमध्ये अशी टेस्ट होते, तुमच्या डॉक्टरांना तिथं संपर्क करायला सांगा. मोठं मूल असेल आणि सहा महिन्यांच्या आत सुरू झाली होती असं फाइलमध्ये दिसत असेल तर आता पण टेस्ट करता येते, उशीर झाला असं नाही. गोळीवर बदल मात्र दवाखान्यात, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, हळूहळू डोस वाढवत. जीनचा रिपोर्ट हातात येईपर्यंत बाळाचं इन्सुलिन आहे तसंच चालू ठेवा.